जडवस्तूंचे अमरत्व

आद्य शंकराचार्यांच्या परंपरेने सत्तेचे जे तीन प्रकार सांगितले, ते प्रातिभासिक, व्यावहारिक आणि पारमार्थिक असे असून, दोरीच्या ठिकाणी भासणारा साप पहिल्या प्रकारात, खुद्द दोरी दुसऱ्या प्रकारात आणि ब्रह्म एकटेच तिसऱ्या प्रकारात मोडते, हे वेदान्ताची तोंडओळख असलेल्या कोणासही ठाऊक असते. आचार्यांना शासकीय रुग्णालयाच्या भांडारात पाऊल टाकण्याचा योग आला नाही, म्हणून हे वर्गीकरण तीनांवर थांबले. तो आला असता, तर जी वस्तू दोरीसारखी हाती लागत नाही, सापासारखी भासतही नाही, जिला कोणी डोळ्यांनी पाहिल्याचे अलीकडे ऐकिवात नाही, आणि तरीही जिचे अस्तित्व लेखापरीक्षकाच्या बापालाही नाकारता येत नाही, अशा वस्तूंसाठी त्यांना 'नोंदवहीतील सत्ता' हा चौथा प्रकार कल्पावा लागला असता.

ही सत्ता जिच्यात नांदते ती जडवस्तू संग्रह नोंदवही, म्हणजे रुग्णालयाच्या बोलीतला 'डेडस्टॉक', ही कापडी पाठीची, दोन्ही हातांनी उचलावी लागणारी आणि पावसाळ्यात किंचित अंग धरणारी चोपडी असून, तिच्यात खरेदीचा दिनांक, वस्तूचे वर्णन, पुरवठादार, नग, दर, एकूण किंमत, निर्लेखनाचा आदेश आणि शेरा असे रकाने ओळीने आखलेले असतात. इतक्या दक्षतेने आखलेल्या या पटावर 'वस्तू चालते काय?' एवढे विचारणारा रकाना मात्र कोठेही सापडत नाही, आणि त्याबद्दल नमुना आखणाऱ्यास दोष देणे अन्यायाचे होईल. कारण त्याच्या डोळ्यांसमोर जी कचेरी असावी तिच्यातील जडवस्तू म्हणजे मेज, खुर्ची, कपाट आणि शिपायाला बोलावण्याची घंटा. खुर्ची चालते की नाही, अशी पृच्छा शहाणा मनुष्य करीत नाही. ती एक तर असते, नाही तर नसते. पुढे त्याच रकान्यांत ईसीजीचे यंत्र, ऑटोक्लेव्ह, बेबी वॉर्मर, सक्शन मशीन आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर ही मंडळी एकामागून एक येऊन बसली, तेव्हा खुर्चीला लागू असलेला न्याय त्यांनाही बिनतक्रार लागू झाला, आणि यंत्राने असणे हेच यंत्राचे कर्तव्य ठरले.

आमच्या तालुक्याच्या गावी तीस खाटांचे ग्रामीण रुग्णालय आहे. त्याच्या रुग्ण कल्याण समितीवर अशासकीय सदस्य म्हणून, म्हणजे चहाच्या वेळी आवर्जून स्मरण होणारा आणि निर्णयाच्या वेळी सोयीस्कर विस्मरण होणारा असा, मी काही काळ काढला, आणि त्या नात्याने मार्चअखेरच्या प्रत्यक्ष पडताळणीस हजर राहण्याचे भाग्य मला लाभले. भांडारपाल हातात नोंदवही घेऊन पुढे, लिपिक पेन्सिल घेऊन मागे, बॅटरी आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन कक्षसेवक मामा बाजूला, असा हा लवाजमा एकेका कक्षात शिरतो आणि पांढऱ्या रंगाने पाठीवर लिहिलेले क्रमांक वाचीत वस्तूंची हजेरी घेतो. शिवछत्रपतींच्या अठरा कारखान्यांपैकी पीलखान्याच्या कारकुनास मोजदादीच्या कामी एक सोय होती, ती ही की, हत्ती सहसा न कळत जागा बदलीत नसे. सलाइनच्या स्टँडास असे कोणतेही बंधन नाही. त्यास खाली चाके असतात, आणि रात्रपाळीत तो प्रसूतिगृहातून पुरुष कक्षात, तेथून बाह्यरुग्ण विभागात आणि तेथून कधी कोणाच्या ओल्या टॉवेलासह गच्चीवर जाऊन पोहोचतो. त्या दिवशी प्रसूतिगृहात नऊ स्टँड भरले, लिपिकाने नवांवर खूण केली, आणि आम्ही व्हरांड्याने पुरुष कक्षाकडे रमतगमत निघालो, तोच मागल्या दाराने मामा त्यांतले चार स्टँड ढकलीत आमच्या आधी तेथे दाखल झाले. चारांपैकी एकाचे चाक कुरकुरत होते, आणि ती कुरकुर आम्ही नुकतीच ऐकली होती. परंतु पडताळणी डोळ्यांनी करावयाची असल्यामुळे कानांच्या साक्षीची कोणी दखल घेतली नाही.

स्टँडांचे कोडे तरी चाकांनी सुटते. कपाटाचे कोडे त्याहून गहन आहे. प्रत्येक कक्षात इनचार्ज सिस्टरांच्या ताब्यात एक लोखंडी कपाट असते, त्याची एक किल्ली त्यांच्या पर्समध्ये आणि दुसरी कोठे आहे हे त्यांनाच ठाऊक. भांडारपालांच्या विनंतीवरून ते उघडले गेले, तेव्हा आतील दृश्य एखाद्या नववधूच्या रुखवतासारखे होते: पल्स ऑक्सिमीटर मूळ खोक्यांत, नेब्युलायझर प्लॅस्टिकच्या वेष्टनात, फीटल डॉपलर आपल्या जेलच्या न फोडलेल्या बाटलीसह, आणि आर्टरी फोर्सेप्सचे जोड मलमलीच्या फडक्यात गुंडाळलेले. बाहेर, त्याच कक्षात, एक परिचारिका रुग्णाच्या बोटाला लावलेला एकुलता एक ऑक्सिमीटर काढून पलीकडच्या खाटेकडे धावत होती.

"सिस्टर, ही यंत्रं वापरात का नाहीत?" मी विचारले.

"वापरली तर बिघडतील ना, साहेब."

"बिघडली तर दुरुस्त होतील."

"दुरुस्त होऊन येईस्तोवर माझी बदली होईल. चार्ज देताना नवी सिस्टर नग मोजून घेते. एक चिमटा कमी भरला तर आमच्या पगारातून कापतात. तुम्ही भरणार आहात का?"

या प्रश्नास माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि जितका अधिक विचार करावा तितकी सिस्टरांची बाजू बळकट होत गेली. जे यंत्र वापरले जाते ते केव्हा तरी बिघडते. बिघडलेल्या यंत्रापासून तक्रारअर्ज, स्मरणपत्र, दरपत्रके, पत्रव्यवहार आणि खुलासा अशी पंचमहाभूते उत्पन्न होतात. आणि त्या सगळ्यांस तोंड देण्याची जबाबदारी ज्याने ते वापरले त्याच्या शिरावर येते. जे यंत्र कपाटात राहते ते नोंदवहीत वर्षानुवर्षे 'सुस्थितीत' या शेऱ्याने विराजमान असते. एवंच, आपल्या दप्तरपद्धतीने चोरीपासून यंत्राचे रक्षण करण्याचा इतका चोख बंदोबस्त केला आहे की, रुग्णापासूनही त्याचे आपोआप रक्षण होते. सिस्टरांना कोणी कामचुकार म्हणेल तर त्याने एकदा चार्ज देऊन पाहावा.

क्ष-किरण यंत्राचे रक्षण करण्यास मात्र कपाट पुरत नाही. त्यास इमारत लागते. आमच्या रुग्णालयात ते यंत्र आले तेव्हा त्याच्यासाठी खोली नव्हती, आणि खोली म्हणजे चार भिंती नव्हेत. भिंतींची जाडी, शिसे बसविलेले दार आणि खोलीचा आराखडा यांस अणुऊर्जा नियामक मंडळाची मान्यता लागते, वर विजेचा पुरेसा दाब लागतो. ते सर्व होईपर्यंत यंत्र देवदारी फळ्यांच्या खोक्यात, व्हरांड्याच्या कोपऱ्यात, ताडपत्रीखाली विसावले. पुरवठादाराचे देयक मात्र ताडपत्रीखाली ठेवता येत नाही. मार्च जवळ आला, निधी परत जाण्याचे भय दाखविले गेले, आणि 'यंत्र मिळाले, तपासले, समाधानकारक आढळले' अशा मजकुरावर सही झाली. त्या सहीच्या दिनांकापासून वॉरंटीचा काळ धावू लागला, आणि खोलीच्या गिलाव्याचे पाणी वाळेपर्यंत तो आपल्या मुक्कामी पोहोचला. खोली झाली तेव्हा तंत्रज्ञाचे पद रिक्त होते. तंत्रज्ञ आला तेव्हा यंत्रातील एका विद्युत्-पट्टिकेत उंदरांनी संसार थाटला होता. आणि वॉरंटीनंतरचा देखभालीचा करार करावयाचा, तर तो सुट्या भागांसह करावा की सुट्या भागांविना, यावर वरिष्ठांचे मार्गदर्शन मागविण्यात आले होते. ते मार्गदर्शन वाटेत असल्याचे मी समितीवर असेपर्यंत ऐकत होतो.

याहून सूक्ष्म असा एक भेद भांडारपालांच्या शास्त्रात आहे, तो जड आणि उपभोग्य यांचा. ईसीजीचे यंत्र जड आहे, परंतु त्यातून बाहेर पडणारी कागदाची सुरळी उपभोग्य आहे. रक्तदाबमापक जड आहे, परंतु त्याचा रबरी फुगा उपभोग्य आहे. आणि जडाचे लेखाशीर्ष वेगळे, उपभोग्याचे वेगळे, दोघांचे अनुदान येण्याचे महिने वेगळे. त्यामुळे यंत्र आहे पण सुरळी नाही, अशी अवस्था वारंवार येते, आणि सुरळी येते ती दुसऱ्या बनावटीच्या यंत्राची, दोन बोटे अधिक रुंद अशी येते. १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक या वैद्याने एका स्थूल तरुणीच्या छातीला कान लावणे अप्रशस्त वाटून कागदाची गुंडाळी केली आणि तिच्यातून हृदयाचे ठोके ऐकले. जगातील तो पहिला स्टेथोस्कोप. लेनेकच्या सुदैवाने तेथे आमचे भांडारपाल नव्हते. असते, तर वस्तू कागदाची असल्याकारणे ती लेखनसामग्रीच्या वहीत गेली असती, महिन्याच्या अखेरीस 'खर्ची पडली' म्हणून वजा झाली असती, आणि नव्या गुंडाळीसाठी लेनेकला तीन प्रतींत मागणीपत्र भरावे लागले असते.

दानाने आलेल्या उपकरणांविषयी फार लिहीत नाही, कारण दात्याचा हेतू निर्मळ असतो. एवढेच सांगतो की, 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' ही अक्षरे चाकांच्या खुर्चीच्या पाठीवर इतकी ठसठशीत लिहिलेली असतात की, जडसंग्रहाचा क्रमांक टाकण्यास जागाच उरत नाही आणि खुर्ची कायमची दप्तराबाहेर राहते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या गावच्या एका सुपुत्राने मातृभूमीच्या ओढीने एक मॉनिटर धाडला होता. तिकडच्या विजेचा दाब सुमारे १२० व्होल्ट, आपला २३०. मॉनिटरने ती तफावत एका क्षणात, थोड्या धुरासह, सर्वांच्या लक्षात आणून दिली. आभाराचा ठराव त्यापूर्वीच मंजूर झालेला असल्याने तो कायम ठेवण्यात आला.

असे असूनही, ही यंत्रे आहेत तरी किती आणि त्यांपैकी चालतात किती, हा प्रश्न सरकारला कधीच पडला नाही असे म्हणणे सत्यास सोडून होईल. राष्ट्रीय आरोग्य अभियानाने २०१५ च्या सुमारास जैववैद्यकीय उपकरणांच्या व्यवस्थापनाचा आणि देखभालीचा कार्यक्रम हाती घेतला, आणि २९ राज्यांतील २९,११५ आरोग्यसंस्थांत फिरून ७,५६,७५० उपकरणांची मोजदाद केली. त्यांची किंमत सुमारे ४,५६४ कोटी रुपये भरली, आणि राज्याराज्यांनुसार १३ पासून ३४ टक्क्यांपर्यंत उपकरणे बंद आढळली. म्हणजे एखाद्या राज्यात दर तीन यंत्रांपैकी एक यंत्र केवळ चौथ्या सत्तेत नांदत होते. मग नियम झाला की, जिल्हा रुग्णालयातील यंत्रे ९५ टक्के काळ, आमच्यासारख्या ग्रामीण रुग्णालयातील ९० टक्के आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील ८० टक्के काळ चालू राहिली पाहिजेत. प्राथमिक केंद्रातल्या यंत्रास येणेप्रमाणे पाच दिवसांतून एक दिवस हक्काची रजा मिळाली, ती त्या केंद्रातील डॉक्टरांस मिळते तिच्याहून अधिक आहे. तरीही, चालते काय, हा रकाना आपल्या राज्यकारभारात अखेर कोणी तरी आखला, याचे श्रेय या कार्यक्रमास दिलेच पाहिजे.

आमच्याकडे त्यासाठी कंत्राटदार संस्थेचे दोन तरुण आले. प्रत्येक यंत्रावर क्रमांकाचे एक लेबल चिकटवावयाचे, त्यावर तक्रारीचा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक, आणि क्रमांक कळविताच अभियंता येणार, अशी ती सुटसुटीत योजना. मुले हुशार आणि घाईत होती. इनचार्ज सिस्टर त्या दिवशी रजेवर असल्याने कपाट उघडता येईना, तेव्हा आतील यंत्रांची नावे मामांच्या तोंडून उतरवून घेऊन त्यांनी सर्व लेबले ओळीने कपाटाच्या दारावर चिकटविली. पुढे एकदा नेब्युलायझर बंद पडला, परिचारिकेने दारावरचा क्रमांक वाचून दाखविला, आणि अभियंता खरोखरच दुसऱ्या दिवशी हजर झाला. पण सिस्टर किल्लीसह प्रशिक्षणाला जिल्ह्याच्या गावी गेल्या होत्या. रिकाम्या हाताने परत जाणे त्यास प्रशस्त वाटेना. त्याने कपाटाच्या बिजागरीत तेल घातले, कामाच्या कागदावर सही घेतली, आणि मासिक अहवालात त्या क्रमांकापुढे 'कार्यरत' अशी नोंद झाली.

यंत्र आणणे कठीण, चालविणे त्याहून कठीण; परंतु ते घालविणे म्हणजे केवळ दुर्घट. जडसंग्रहातील वस्तूस आपल्या मनाने मरता येत नाही. तिचे निर्लेखन व्हावे लागते. आमच्या शस्त्रक्रियागृहाबाहेर विजेवर चालणारे एक जुने सक्शन मशीन पडून होते. त्याच्या निर्लेखनाचा प्रस्ताव भांडारपालांनी निष्ठेने तयार केला, दुरुस्ती पथकाच्या तंत्रज्ञाचे 'दुरुस्तीयोग्य नाही' असे प्रमाणपत्र जोडले, समितीच्या सह्या घेतल्या आणि तो वर पाठविला. तो परत आला, कारण खरेदीची मूळ पावती जोडलेली नव्हती. मूळ पावती ज्या गठ्ठ्यात होती तो गठ्ठा गळक्या छपराखाली भिजून एकसंध झाला होता; त्याचा पंचनामा करून तो जोडला. प्रस्ताव पुन्हा परत आला, कारण आता तंत्रज्ञाचे प्रमाणपत्र एक वर्षाहून जुने झाले होते. नवे प्रमाणपत्र देण्यासाठी दुरुस्ती पथकातून एक नवा मुलगा आला. नुकताच लागलेला, तत्त्वनिष्ठ, पिशवीत स्वतःचे पाने-पेचकस बाळगणारा. आम्ही कचेरीत चहा घेत असता त्याने यंत्र उघडले, आतली एक तुटलेली तार जोडली, मोटारीचा ब्रश बदलला, आणि थोड्याच वेळात व्हरांड्यातून असा काही घरघराट झाला की, भांडारपालांच्या हातातील कप बशीवर आदळला.

"अहो, हे काय केलंत तुम्ही?" ते बाहेर येऊन, पोरक्या स्वरात म्हणाले.

"चालू केलं, भाऊसाहेब. साधी तार होती."

"अहो पण दोन वेळा ते मेलेलं आहे! समितीच्या सह्या आहेत!"

परिस्थिती खरोखरच बिकट होती. यंत्र चालते असे लिहावे, तर पूर्वीच्या तंत्रज्ञाचे प्रमाणपत्र खोटे ठरते, समितीच्या सह्या अविचाराच्या ठरतात आणि मधल्या काळात त्याच्या जागी घेतलेल्या नव्या यंत्राच्या खरेदीवर लेखापरीक्षेत आक्षेप येतो. चालत नाही असे लिहावे, तर ते समोर घरघरत होते. वैद्यकीय अधीक्षक सुज्ञ गृहस्थ. त्यांनी त्या मुलास खुर्ची दिली, चहा मागविला आणि तो ज्या विषयावर आला होता तो विषय प्रमाणपत्राचा होता, दुरुस्तीचा नव्हता, ही गोष्ट सौम्य शब्दांत त्याच्या निदर्शनास आणून दिली. मुलगा बराच वेळ गप्प होता. अखेर त्याने 'सध्याच्या गरजांच्या दृष्टीने कालबाह्य' असे लिहिले, जे खोटे नव्हते, आणि जाताना मोटारीचा आपला ब्रश काढून नेला.

यथावकाश आदेश आला, लिलाव पुकारला गेला आणि सक्शन मशीन, दोन मोडक्या खाटा व एक गंजलेला ड्रम किलोच्या भावाने भंगारवाल्याच्या टेम्पोत चढले. माल चढविताना भंगारवाल्याची नजर व्हरांड्यातल्या त्या देवदारी खोक्यावर पडली. क्ष-किरण यंत्र बाहेर काढल्यापासून ते खोके तेथेच होते. दिवसा केसपेपरच्या रांगेतली म्हातारी माणसे त्यावर टेकत, दुपारी नातेवाईक त्यावर भाकरी सोडून बसत, लसीकरणाच्या दिवशी त्यावर लसीची पेटी असे, ट्यूबलाइट बदलताना मामा त्यावर चढत आणि रात्री पहारेकरी त्यावर निजे. नव्वद टक्क्यांची कसोटी लावली असती, तर आमच्या रुग्णालयातील तीत बिनहरकत उतरणारी वस्तू तेवढी एकच होती.

"याचे किती द्यायचे, भाऊसाहेब?" भंगारवाल्याने विचारले.

भांडारपालांनी नोंदवही उघडली, पाने मागेपुढे चाळली आणि मान हलविली. खोक्याची नोंद नव्हती. ज्याची नोंद नाही त्याचे निर्लेखन होत नाही, आणि ज्याचे निर्लेखन नाही ते विकता येत नाही. आज तरी त्याची नोंद करून टाकावी, असे मी सुचविले. पण नोंदीस पावती लागते, आणि पुरवठादाराच्या पावतीवर 'क्ष-किरण यंत्र, नग एक' यापलीकडे काही नव्हते. भंगारवाला हिरमुसला होऊन टेम्पोकडे वळला, तेव्हा त्यास लिलावाच्या रकमेची पोच द्यावयाची राहिल्याचे ध्यानात आले. जवळपास टेबल नव्हते, म्हणून ती पोच भांडारपालांनी त्याच खोक्यावर कागद ठेवून, खाली कार्बन घालून, दोन प्रतींत लिहिली.